दुखण्याची गोळी मनासाठी चाललीय काय? कसं ओळखायचं आणि पुढं काय करायचं

संध्याकाळी सात-साडेसात म्हणजे माझ्या काउंटरवरची गर्दीची वेळ, मागावरनं सुटलेले, फॅक्टरीतनं आलेले, भाजी घेऊन घरी जाता जाता बीपीची गोळी मागणारे, आणि त्यात एखादं गिऱ्हाईक असं असतंय की बाकीचे जाईपर्यंत बाजूला उभं राहून पाट्या वाचल्यासारखं करतंय. मग पुढं येऊन हळूच, "ती कंबरेची गोळी द्या की, मागच्या वेळची." मी विचारतो, कंबर अजून दुखतेय काय. तर म्हणतो, "कंबर न्हवं हो. असंच."

हे 'असंच' जे हाय ना, त्याच्यासाठी हे लिहालोय.

मी बेळगावात वडगावला मेडिकल चालवतो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, तेव्हा कुणाची गोळी चालू करायला किंवा बंद करायला मी सांगणार नाही. पण हा 'असंच' माझ्या स्वतःच्या घरात येऊन गेलाय. २०१९ च्या पावसाळ्यात खानापूर रोडला गाडी घसरली, कॉलर बोन मोडलं, दहा दिवस ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, लिहून दिली. वडील जाऊन तेव्हा पाच महिने झालेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात बसून भाकरी खाताना लक्षात आलं की छातीवर जे पाच महिने दगडासारखं बसलेलं ते नाही, शेजारच्या पोराच्या बोलण्यावर मी चक्क हसलो, आणि आईने आतनं वाकून बघितलं. हाड तीन आठवड्यांत पुष्कळ बरं झालं, गोळी मात्र अडीच महिने चालली. दुकान माझंच, डॉक्टर ओळखीचे, चिठ्ठी मिळायला काय अवघड. शेवटी बायकोनंच पकडलं, म्हणाली, "डावा खांदा दुखतोय म्हणताय आणि तांदळाचं पोतं कुठल्या खांद्यावर आणलात?"

तर आधी हे कळलं पाहिजे की गोळीनं मन हलकं का होतंय. तुम्ही कमजोर मनाचे म्हणून न्हवे.

अफूतली मॉर्फिन आपल्या मेंदूवर चालते कारण मेंदूत तिच्यासाठी बसायच्या जागा मुळातच आहेत. त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, १९७३ साली सापडले, अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच वर्षी आणखी दोन ठिकाणी वेगळ्या लोकांनी. मग साहजिक प्रश्न आला की माणसाच्या मेंदूनं खसखशीच्या बोंडासाठी जागा करून ठेवली असेल कशाला? म्हणजे आपलं शरीरच तसलं काहीतरी बनवत असणार. दोन वर्षांनी, १९७५ ला, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतनं ते काढून दाखवलं, त्याला एन्केफॅलिन नाव दिलं. एन्डॉर्फिन हा शब्द तर आता सगळ्यांच्या तोंडात आहे, तो पण याच घरातला, त्याचा अर्थच 'आतलं मॉर्फिन'.

आता यातली खरी गोम अशी की या जागा एका प्रकारच्या नाहीत. मुख्य तीन, म्यू, डेल्टा आणि कॅप्पा. म्यूवर एन्डॉर्फिन बसलं की दुखणं कमी होतं आणि बरं वाटतं, कुणीतरी पाठीवरनं हात फिरवल्यासारखं. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन सगळी याच दारातनं आत जातात. कॅप्पाचं उलटं. त्याच्यावर बसतं डायनॉर्फिन, आणि ते मेंदू सोडतो ताण आल्यावर, ताण लांबला तर सोडतच राहतो. कॅप्पा म्हणजे मागाचा ब्रेक समजा. ज्या डोपामिनमुळं एखादी गोष्ट करावीशी वाटते, उठावंसं वाटतं, त्याचा पुरवठा कॅप्पा आवळून धरतं. १९८६ साली माणसांना कॅप्पावर चालणारं औषध देऊन बघितलं तर लोकांना बरं वाटायच्या ऐवजी घाबरल्यासारखं, विचित्र, नकोसं वाटायला लागलं. आमच्या लाईनीतल्यांना पेंटाझोसिनचं दुखण्यावरचं इंजेक्शन माहीत असतंय, ते काही अंशी कॅप्पावर चालतं, म्हणून एखादा पेशंट ते घेतल्यावर दुखायचं थांबलं तरी "कसंतरीच होवालाय" म्हणतो. डेल्टाबद्दलचं बरंच काम अजून उंदरांवरच आहे, ते सोडून देऊ.

म्हणजे एकाच घरात फुंकर घालणारं पण आहे आणि पाय दाबून धरणारं पण आहे. डिप्रेशनमध्ये हा तोल बिघडत असावा असं बऱ्याच संशोधनातनं दिसतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी एक प्रयोग केला, माणसाला सांगायचं की तुला जी व्यक्ती आवडली तिला तू आवडला नाहीस, आणि तेव्हा मेंदूचं स्कॅनिंग करायचं. धडधाकट माणसाच्या मेंदूनं लगेच आपलं म्यूवालं रसायन सोडलं, जखमेवर फुंकर. डिप्रेशनवाल्यांच्यात ती फुंकर कमी पडली. मराठीत आपण 'जिव्हारी लागलं', 'मनाला चटका बसला' म्हणतो ते काही उगाच नाही बघा, अंगाचं दुखणं आणि मनाचं दुखणं मेंदूत एकमेकांच्या शेजारीच राहतंय.

पण म्हणून डिप्रेशन म्हणजे 'एन्डॉर्फिन कमी पडलं' असं समजू नका, व्हॉट्सॲपवर तसल्या पोस्ट लई फिरतात. झोप, घरचा ताण, आनुवंशिकता, थायरॉईड, सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन, सगळं त्यात आहे, ओपिऑइड, म्हणजे ही अफूच्या जातीची रसायनं, हा त्यातला एक धागा. तुमच्या गोळीनं नेमका तोच धागा ओढलाय एवढंच.

ट्रामाडॉलचं तर आणखी एक आहे, ती एकटी दोन कामं करते. लिव्हरमध्ये गेल्यावर तिच्यापासनं जे बनतं ते म्यूवर बसतं, आणि गोळी स्वतः सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन वाढवते, म्हणजे डिप्रेशनच्या काही गोळ्या जे करतात तेच. त्यामुळं उदास माणसाला तिची गोडी लवकर लागते. आणि सोडताना पण दुप्पट त्रास, ते पुढं सांगतो.

पहिलं काम, आठ दिवस वही लिहा

गोळी बंद करायची नाही, कमी करायची नाही, फक्त लिहायचं. प्रत्येक वेळी गोळी तोंडात टाकायच्या आधी, मागनं न्हवे, आधी, चार गोष्टी: किती वाजले, दुखणं दहापैकी किती, मन दहापैकी किती जड, आणि त्याच्या आधीच्या तासात काय झालं. पोराच्या वहीचं मागचं पान पुरे.

माझी वही अजून आहे. त्यातली एक ओळ, "सं. ७.१०, खांदा २, मन ८, दुकानात वडिलांच्या नावानं कुणीतरी हाक मारली." खांदा दोन आणि मी पन्नासची गोळी घेतलेली. दुसऱ्या दिवशी परत सात. आठ दिवसांत दुखणं पाचच्या वर गेलं फक्त एकदा, आणि गोळ्या झाल्या एकोणीस.

तुमच्या वहीत दुखण्याचा आकडा खाली आणि मनाचा वर असताना गोळी जातेय असं दिसलं तर ती मनासाठी चाललीय. दुखणंच जास्त असेल तर आधी दुखणं नीट दाखवून घ्या, दुखणं रेटत ठेवलं तरी मन खचतंच, ही गाठ दोन्हीकडनं आहे. आणि सुट्टीच्या दिवशी, सासरी, लग्नात, गोळी बरोबर नाही म्हटल्यावर जीव कासावीस होत असेल तर वही लिहायची पण गरज नाही.

दुसरं, एकदम बंद करू नका

बायकोनं पकडल्यावर मी मर्दासारखं ठरवलं, उद्यापासनं बंद. शुद्ध येडेपणा, आणि मला तर माहीत असायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासनं जांभया, नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोट बिघडलं, रात्री पाय स्वस्थ राहीनात. आईला वाटलं फ्लू. ट्रामाडॉलमध्ये सेरोटोनिनचा भाग असल्यामुळं त्यात डोक्यात झिणझिण्या, नुसती भीती, चिडचिड हे वरनं. यातलं अंगाचं बरंच आठ-दहा दिवसांत ओसरतं. मन मात्र ओसरत नाही लवकर, आणि लोक परत गोळीकडे वळतात ते इथंच.

कारण असं, बाहेरनं रोज माल यायला लागला की मेंदू म्यूच्या जागा कमी संवेदनशील करून टाकतो आणि दुसऱ्या बाजूला डायनॉर्फिनचा ब्रेक आणखी आवळतो. गोळी थांबली की फुंकर गेलेली आणि ब्रेक पूर्ण दाबलेला. माणूस म्हणतो, बघा, गोळी नसली की मी असा, म्हणजे मला गोळी लागतेच. तसं नसतंय. त्यातलं बरंच गोळीनंच केलेलं असतं, आणि ते उतरतं, पण आठवडे लागतात.

म्हणून काही आठवड्यांच्या वर रोज घेत असाल तर डॉक्टरला खरा आकडा सांगा आणि पायरी-पायरीनं कमी करून घ्या. खरा आकडा म्हणजे खरा. लोक सहा घेतात आणि दोन सांगतात, मग डॉक्टर दोनच्या हिशोबानं उतरवतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस माझ्या दारात. रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून घेऊन जा, तोंडानं खोटं बोलता येतंय, स्ट्रिपेला येत नाही.

मधल्या काळात काय काय बरोबर घ्यायचं नाही हे पाठ करून ठेवा. दारू नाही. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलॅमसारख्या, आपल्या मनानं नाहीत, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि डिप्रेशनची गोळी आधीच चालू असेल तर ट्रामाडॉल चालू असल्याचं दोन्ही डॉक्टरांना कळलंच पाहिजे, हाडांच्या डॉक्टरला मनाची गोळी माहीत नाही आणि मनाच्या डॉक्टरला हाडांची, असं मी दर आठवड्याला बघतो. दोन्ही मिळून सेरोटोनिन फार वाढलं तर अंगाला कापरं, घाम, ताप, स्नायू उडणं, बडबड, असलं होतं, ते इमर्जन्सीचं काम आहे. ट्रामाडॉलनं फिट पण येऊ शकते, डोस वाढवत नेला तर जास्तच.

घरच्यांनी हे बघायचं: माणूस उठवून उठत नाही, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा अडकत, ओठ निळे. १०८ लावा, कुशीवर झोपवा, तोंडात पाणी, लिंबू, कांदा काही घालू नका. दवाखान्यात नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते म्यूवरनं गोळीला ढकलून काढतं. काय काय गिळलं ते लपवू नका, इज्जत नंतर बघता येते.

तिसरं, डॉक्टरकडे जाताना

मानसिक म्हटलं की आपल्याकडे अजून अडतंय. मिरजेला जाऊन गुपचूप दाखवून येतील पण गावात दाखवणार नाहीत. तरी सांगतो, बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्सला, मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून सरळ जाता येतं. धारवाडला डिमहान्स आहे, सरकारी, खास याच कामाचं, हायवेनं पाऊण-शे ऐंशी किलोमीटर. फोनवरच आधी बोलायचं असलं तर टेलिमानस, १४४१६, दिवस-रात्र, पैसे नाहीत, भाषा निवडता येते. व्यसनाचं म्हणून विचारायचं असेल तर १४४४६.

भाषेचं खरं दुखणं वेगळंच. आपण मराठीत विचार करतो, समोरचा डॉक्टर कन्नडमध्ये विचारतोय, आणि मन या विषयावर आपलं कन्नड बाजारातल्या भावतावापुढं जात नाही. तिथं लोक "नोवू ऐतरी" म्हणून मोकळे होतात, म्हणजे दुखतंय, आणि परत दुखण्याचीच गोळी घेऊन येतात. तर दोन-तीन वाक्यं घेऊन ठेवा. "मनसिगे बेजार आगैतरी", मन बेजार झालंय, बेजार हा शब्द तर दोन्हीकडं आपलाच. "निद्दि बरंगिल्लरी", झोप येत नाही. एवढ्यावर डॉक्टर पुढचं स्वतः विचारतो, आणि बेळगावच्या भागातल्या बऱ्याच डॉक्टरांना मराठी येतंय, लाजून गप्प बसायचं कारण नाही.

सांगायचं काय, तर किती दिवसांपासनं (दोन आठवड्यांच्या वर असेल तर ते ठळक सांगा), पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही काय, जेवण, वजन, आधी ज्यात जीव रमायचा, क्रिकेट म्हणा, भजन म्हणा, ते नकोसं झालंय काय, आणि मरायचे विचार येतात काय. हे शेवटचं कुणी आपणहून सांगत नाही. सांगा. विचार येणं हा गुन्हा नाही, आणि त्याच्यावरनं डॉक्टर ठरवतो की घाई किती करायची. आणि वही दाखवा. माझी वही बघून डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग विचारलं, "वडील कधी गेले?" अडीच महिन्यांत हे मला कुणी विचारलेलं नव्हतं, मी पण न्हवे.

डिप्रेशनची गोळी चालू झाली तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, ती ट्रामाडॉलसारखी अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटवत नाही. दोन ते चार आठवडे, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी, आणि फायदा शून्य. ज्यानं झटपट गोळीची चव घेतलीय त्याला ही अगदीच बोगस वाटते, "ह्याच्यात कायच नाही हो" म्हणून दहा दिवसांत स्ट्रिप परत आणून देतात. टिकवा. बरं वाटायला लागल्यावर पण साधारण सहा-नऊ महिने चालू ठेवतात, डॉक्टर सांगेल तसं. अंगाचं दुखणं आणि मन दोन्हीवर चालणाऱ्या काही गोळ्या आहेत, कंबर खरंच दुखत असेल तर त्याबद्दल विचारा. आणि बोलण्याचे उपचार, समुपदेशन, हे पण विचारा, आपल्या वाट्याला ते कमी येतंय कारण कुणी मागत नाही.

आणि एक, ज्याच्यावर विश्वास बसतो त्या डॉक्टरकडे जा. हे मी भावनेनं बोलत नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या पेशंटवर बघितलंय की नुसत्या विश्वासाच्या गोळीनं, म्हणजे प्लासिबोनं, जो आराम पडतो तो नॅलॉक्सोन दिल्यावर जातो. म्हणजे तो आराम खरा, मेंदूनं आपलं स्वतःचं सोडलेलं. २०१५ ला डिप्रेशनच्या पेशंटमध्ये पण तसंच दिसलं, ज्यांच्या मेंदूनं नुसत्या आशेवर हे रसायन जास्त सोडलं त्यांना पुढं खऱ्या औषधाचा गुण पण जास्त आला.

"मग डिप्रेशनला अफूचंच औषध का देत नाहीत?"

हा प्रश्न मला एका बीएस्सी झालेल्या पोरानं विचारला, आणि चांगला आहे. दिलेलं आहे पूर्वी. युरोपात उदासीवर अफूचा कोर्स द्यायचे, १९५० च्या दशकात डिप्रेशनच्या आताच्या गोळ्यांची सुरुवात होईपर्यंत ते चाललं. आपल्याकडे तर कामाला जाणाऱ्या बाया बाळाला अफूचा कण चाटवून निजवायच्या, आजीच्या तोंडून ऐकलं असेल. गुण यायचा, आणि माणूस अडकायचा.

अलीकडे हुशारीचे प्रयत्न झाले. ब्युप्रेनॉर्फिन म्यूला अर्धवट चालू करतं आणि कॅप्पाला बंद करतं, म्हणजे कागदावर अगदी पाहिजे तसं. १९९५ ला कुठल्याच गोळीनं गुण न आलेल्या थोड्या पेशंटवर बघितलं, काहींना छान फरक पडला. मग त्यात नशा मारणारं दुसरं औषध मिसळून एक गोळी केली, ती २०१९ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, पुरावा कमी म्हणून परत पाठवली. नुसता कॅप्पाचा ब्रेक सोडवणारी औषधं पण आली, ॲटिकाप्रँट आणि नॅव्हाकाप्रँट, २०२५ च्या सुरुवातीला दोन्हीकडून निराशाच आली, मोठ्या चाचण्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. केटामिन, म्हणजे भुलीचं औषध, डिप्रेशनवर पण वापरतात, त्याबद्दल २०१८ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की आधी ओपिऑइड बंद करणारी गोळी दिली तर केटामिनचा डिप्रेशनवरचा गुण बराचसा जातो, म्हणजे त्यात पण हा धागा असावा, त्यावर वाद चालूच आहे. थोडक्यात विज्ञान बरोबर दारात उभं आहे, पण किल्ली अजून लागलेली नाही. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसन सोडवायला सेंटरमधनं देखरेखीखाली देतात, ते कुणी 'मूडसाठी' म्हणून विकत असेल तर त्या माणसाला लांब ठेवा.

आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून भांडू नका. ट्रामाडॉल, कोडीन ही शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं लिहून तीन वर्षं जपावं लागतं. २०१८ पासनं ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण आलं. मोबाईलमधला दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो चालत नाही, कितीही ओळख असली तरी. माझं स्वतःचं नाव माझ्याच अक्षरात त्या रजिस्टरमध्ये आहे, अधनंमधनं पान उघडलं की दिसतं.

आतलं मॉर्फिन कसं जागं करायचं

गोळी कमी होत असताना हे करायचं. औषधाच्या जागी न्हवे, औषधाबरोबर.

यात सगळ्यात खात्रीचं मला वाटतं ते म्हणजे चारचौघांत, एका तालात काहीतरी करणं. ऑक्सफर्डला २००९ साली नाव वल्हवणाऱ्या पोरांवर बघितलं, तेवढीच मेहनत एकट्यानं केली आणि सगळ्यांनी मिळून केली, तर मिळून केल्यावर दुखणं सोसायची ताकद जास्त वाढली. दुखणं सोसायची ताकद हा आतल्या मॉर्फिनचा अंदाज घ्यायचा एक जुना मार्ग. फिनलंडमधल्या तुर्कूला २०१७ ला जवळच्या मित्रांना अर्धा तास विनोदी क्लिपा दाखवून हसवलं आणि स्कॅन केला, म्यूवालं रसायन सुटलेलं दिसलं. आपल्याकडे याला काय कमी आहे? गल्लीचं भजनी मंडळ आहे, गणपतीचा ढोल आहे, लेझीम आहे, तालमीत जोर मारणारी पोरं आहेत. टाळ धरून मागं बसा, गायला आलंच पाहिजे असं नाही. मी एकादशीच्या भजनाला जाऊन पहिल्या दोन वेळा नुसता भिंतीला टेकून बसलो, तिसऱ्या वेळी कुणीतरी न विचारता टाळ हातात दिले, पुढचा तासभर हात चालत होते आणि डोकं गप्प होतं.

चालणं पण, आणि एकट्यानं कानात हेडफोन घालून न्हवे. टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत सकाळी बघा, झाडांखालनं तीन-तीन चार-चार जण बोलत चालत असतात, त्यातल्या एका घोळक्याला चिकटायचं. धावल्यावर येणारी मस्ती मात्र एन्डॉर्फिनची असं सगळे म्हणतात ते पूर्ण खरं नाही, ओपिऑइड बंद करणारी गोळी देऊन पळवलं तरी ती मस्ती जात नाही असं पुढं दिसलंय, शरीरातलं गांजासारखं दुसरं रसायन त्यात जास्त असावं. आपल्याला काय, बरं वाटल्याशी मतलब.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्ला की एन्डॉर्फिन सुटतं म्हणून एकजण रोज दोन वेळा खायला लागला, त्याला मी शेवटी ॲसिडिटीची गोळी दिली. आणि अनारशावरच्या खसखशीनं नशा येते काय असं पण विचारतात, नाही येत, खावा.

घरच्यांना एक सांगणं. डिप्रेशनवाल्याला "जरा बाहेर पड, मन रमव" म्हणणं म्हणजे ब्रेक दाबलेल्या गाडीला मागनं ढकलणं. त्याला उठावंसंच वाटत नाही हाच आजार. त्यापेक्षा "चल, दूध आणायचंय, कोपऱ्यापर्यंत" म्हणा आणि चप्पल पुढं ठेवा. दहा मिनिटं. बोलला नाही तरी चालेल. माझ्या मेव्हण्यानं दीड महिना हे केलं, रोज सहा वाजता, काही न विचारता, दुधाची पिशवी घरी आधीच आलेली असायची तरी.

आणि घर आवरा. गोळ्या एका डब्यात, डबा दुसऱ्याच्या ताब्यात, रोजच्या रोज तेवढ्याच बाहेर. शेती असेल तर फवारणीचं औषध घरात, गोठ्यात ठेवू नका, कुलपात किंवा भावकीत दुसऱ्याकडे ठेवा. कुणी मरायचं बोललं तर "असलं बोलू नको" म्हणून तोंड बंद करू नका, त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा नाहीतर सरळ दवाखान्यात घेऊन जा.

सगळं उतरवून झालं की उरलेल्या गोळ्या 'असू दे, कधी लागली तर' म्हणून कपाटात ठेवायच्या नाहीत. आधी डॉक्टरला विचारा परत लागणार नाहीत ना, मग स्ट्रिपेतनं काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात. माझ्या अकरा उरल्या होत्या. मोरीत बसून चोथ्यात कालवत होतो, बायको दारात उभी राहून मोजत होती, अकरा झाल्यावर म्हणाली, "पाकिटातली बारावी कुठाय?" ती शर्टाच्या खिशात होती.